‘कायदा पास’ या बटणामागची जुनी भांडणं

पॉलिटिकल सिम्युलेशन गेम्सचे रिव्ह्यू वाचले की दोन तक्रारी हमखास दिसतात. एक, कायदे फार सहज पास होतात, मजाच नाही. दुसरी बरोब्बर उलटी, कायदा अडकून बसतो आणि माझ्या हातात काहीच नाही. कधीकधी तर एकच माणूस दोन्ही लिहून मोकळा होतो. आमच्या पणजी-फोंड्याच्या गेमवाल्या पोरांमधेही हेच चालतं, आणि ज्यांनी फ्रॉस्टपंक २ या २०२४ च्या गेमपासून सुरुवात केली त्यांना वाटतं की हे भांडण आत्ताचं आहे. तसं नाहीये, बरंच जुनं आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

सुरुवातीला कायदा म्हणजे नुसती टिक होती. १९९३ च्या सिमसिटी २००० मधे ऑर्डिनन्सची, म्हणजे शहराच्या नियमांची, यादी यायची, टिक केली की लागू, काढली की रद्द. त्यात जुगार कायदेशीर करायचाही ऑप्शन होता, तिजोरीत पैसे यायचे आणि गुन्हे वाढायचे, संपला विषय. आता आमच्याकडचं बघा. १९७६ चा गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगार कायदा मुळात जुगार बंद करायचा, त्यात १९९२ ला दुरुस्ती होऊन फाइव्ह स्टार हॉटेलांत स्लॉट मशीन आली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या जुगाराला वाट मिळाली, मग मांडवीत कॅसिनो उभे राहिले आणि आता निवडणूक आली की ते तिथून हलवायचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. गेममधल्या एका टिकेच्या जागी इथे एवढं रामायण. पण सिमसिटीत ते कुणाला फारसं खटकलं नाही, कारण तो शहर बांधायचा गेम, राजकारण तोंडी लावण्यापुरतं.

उलट १९९१ च्या सिव्हिलायझेशनमधे लोकशाही निवडली की सिनेट युद्धाच्या आड यायची, तुम्ही लढायला निघालात की तिने तह करून टाकलाच म्हणून समजा, आणि त्यावर लोकांनी काढलेला उपाय काय, तर लढाईच्या आधी सरकारच बदलायचं! म्हणजे ‘कायदेमंडळ मधे येतं’ ही चीड तेव्हापासूनची. २००१ च्या ट्रॉपिकोने हा प्रश्नच ठेवला नाही, तुम्ही हुकूमशहा, फर्मान काढा, गटांना राग आला तर नंतर बघू.

मग २००२ च्या नोव्हेंबरमधे मॅक्स बॅरीचा नेशनस्टेट्स आला आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सगळ्यात कमी कौतुक झालेला गेम हाच. ब्राउझरमधे चालणारा, चित्रं जवळपास नाहीतच. तुमच्या देशापुढे प्रश्न येतो, तुम्ही एक पर्याय निवडता, आणि यातले कित्येक प्रश्न खेळाडूंनीच लिहिलेले असतात. वर एक जागतिक सभा आहे, तिचं नाव आधी संयुक्त राष्ट्रच होतं, खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून नोटीस आल्यावर २००८ ला बदललं. तिथे खेळाडू चक्क ठरावाचा मजकूर लिहितात, कलमं पाडतात, दुसरे खेळाडू त्यात खोट काढतात आणि मग मतदान होतं. गंमत म्हणजे पास झालेल्या ठरावात दुरुस्ती करता येत नाही, आधी तो रद्द करून घ्यायचा आणि मग नवा आणायचा, आणि त्यामुळे तिथे रद्द करायचे ठराव लिहिण्यात तरबेज झालेली एक वेगळीच जमात तयार झाली.

पण एकट्याने कॉम्प्युटरविरुद्ध खेळायचं तर काय? त्याचं उत्तर क्लिफ हॅरिस या इंग्लंडच्या माणसाने डेमोक्रसी मालिकेत दिलं, पहिला भाग २००५ चा, तिसरा २०१३ चा आणि चौथा अर्ली ॲक्सेसमधून, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच विकायला येऊन, २०२२ ला पूर्ण झाला. इथे प्रत्येक धोरणाला पोलिटिकल कॅपिटल, म्हणजे राजकीय वजनाचे पॉइंट, लागतं, ते मंत्री कमावून देतात, ते जमवायचं आणि खर्च करायचं. स्लायडर सरकवला की परिणाम एकदम येत नाही, हळूहळू येतो, हे मला फार आवडलेलं. पण सभागृह नाही! एकदा निवडून आलात की धोरणावर मतदान असं होतच नाही, पॉइंट असले की झालं, आणि म्हणून ‘विरोधी पक्ष करतो काय?’ हा प्रश्न लोक विचारत राहिले. चौथ्या भागात आघाडी सरकारं आली खरी, तरी बटण बटणच राहिलं. एक मात्र चांगलं की या मालिकेतली धोरणं साध्या सीएसव्ही फाइलमधे असतात, एक्सेलमधे उघडा आणि बदला. आमचा म्हापशाचा एक मित्र तिसऱ्या भागात ‘नदीतले कॅसिनो’ असं धोरण घालून बसलेला, पर्यटन वर, महसूल वर, धार्मिक मतदार खाली, आणि आमची सगळ्यांची भांडणं या आकड्यांवरून, मच्छीमारांना किती उणे द्यायचं यावर तर रात्री दोनपर्यंत.

इथून पुढे पॅराडॉक्स या गेम कंपनीचा भाग. २०१६ ला क्रुसेडर किंग्ज २ मधे कॉन्क्लेव्ह नावाचं एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायचा जादा भाग, आलं, राजाचं मंडळ कायद्यांवर मत द्यायला लागलं, आणि लोक म्हणाले की आम्ही राजा आहोत की कारकून? रिव्ह्यू मिश्रच आले. पण खरा दणका २०२२ च्या ऑक्टोबरमधे, व्हिक्टोरिया ३ ला. तिथे जमीनदार, कामगार संघटना, सैन्य असे हितसंबंधी गट, सरकारात कोण बसलंय त्यावर कायद्याची शक्यता टक्क्यांत दिसायची, आणि ठरावीक काळाने फासे पडायचे. वर्षानुवर्षं कायदा लटकायचा किंवा नगण्य शक्यतेचा एखादा फटकन पास व्हायचा. लोकांनी काय केलं तर सेव्ह करून ठेवायचं, फासे उलटे पडले की पुन्हा लोड. कायदा करण्यापेक्षा लॉटरीच जास्त. मग २०२३ च्या मे महिन्यातल्या १.३ पॅचमधे, म्हणजे गेमच्या अपडेटमधे, तीन टप्पे आले, प्रत्येक टप्पा पार करायचा, आणि तीनदा अडथळा आला की प्रस्ताव पडला. फासे गेले नाहीत, पण निदान आपण कुठवर आलो ते दिसायला लागलं. मला वाटतं की लोकांचा राग बराचसा यावरच होता, हरण्यावर नाही, का हरलो ते न कळण्यावर.

पोलंडच्या इलेव्हन बिट स्टुडिओजचा रस्ता वेगळा. २०१८ च्या पहिल्या फ्रॉस्टपंकमधे कायद्यांचं पुस्तक होतं, सही केली की मागे फिरणं नाही, लहान मुलांना कामाला लावायचा कायदा केला तर केला. २०२४ च्या दुसऱ्या भागात शंभर जणांची परिषद आली, साध्या कायद्याला ५१ मतं. कमी पडली तर गटाशी बोला, ते बदल्यात मागतात, आमचा अमुक कायदा आणा, तमुक संशोधन करा, पैसे द्या, आणि शब्द मोडला की ते लक्षात ठेवतात. हा गेम जुलैत यायचा होता, पण बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, खेळलेल्यांचं म्हणणं ऐकून तारीख सप्टेंबरवर नेली.

गोव्यातल्या माणसाला हे समजवायला लागत नाही. आमची पर्वरीची विधानसभा चाळीस जणांची, एकवीस झाले की सरकार, दोन-तीन आमदार इकडचे तिकडे झाले की खेळ बदलतो, आणि कुणाला कुठलं महामंडळ मिळालं ते घरोघरी माहीत असतं. म्हणूनच इथल्या पोरांची तक्रार जरा वेगळी, गेममधला सदस्य पक्षच का बदलत नाही? २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमधे गेले, २०२२ च्या सप्टेंबरात ११ पैकी ८. दोन्ही वेळी पक्षांतरबंदीतून सुटायचा दोनतृतीयांशचा हिशेब बसलेला, कारण २००३ च्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची सोय काढून टाकली आणि विलीनीकरणाची ठेवली. हे गणित गेममधे घातलं तर काय मजा येईल बघा.

दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. व्हिक्टोरियात काय किंवा फ्रॉस्टपंकमधे काय, कायदा म्हणजे तयार पर्यायांतला एक, हा नाहीतर तो. आमचा १९८७ चा राजभाषा कायदा यातल्या कुठल्या खान्यात बसवणार? कोकणी राजभाषा, आणि मराठीचाही शासकीय कामांसाठी वापर, अशी दोन्हीकडची सोय एकाच कायद्यात, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. खरा कायदा असाच पास होतो, मधे एक कलम घुसवून, व्याख्या थोडी सैल करून. लोक म्हणतात तसं ‘बिलात दुरुस्ती सुचवा’ हे बटण हवं.

ते का येत नाही हेही कळतं म्हणा. नेशनस्टेट्समधे मजकूर वाचायला समोर माणसं आहेत. कॉम्प्युटरच्या गटाला कलम वाचता येत नाही, त्याला आकडा लागतो, म्हणजे प्रत्येक कलमाचा प्रत्येक गटावर परिणाम कुणीतरी आधी बसून भरायचा आणि मग सगळ्या जोड्या तपासायच्या. आम्हाला एका कॅसिनोच्या धोरणाचे आकडे ठरवताना नाकी नऊ आलेले. त्यापेक्षा कायदा आहे तसा ठेवून भोवती आश्वासनं, टप्पे आणि फासे रचणं कंपन्यांना स्वस्त पडतं, आणि आत्तापर्यंत बहुतेकांनी तेच केलंय.