भेकाचे हाड, भेकाचे नाव

बडोद्यात पावसाची पहिली सर येऊन गेली की दांडिया बाजारातल्या जुन्या घरांच्या दिव्याखाली एक खरखरीत पाठीचा, जड अंगाचा प्राणी किडे टिपायला येऊन बसतो. मराठी घरात तो बेडूक, शेजारच्या गुजराती घरात देडको. तळ्यातल्या गुळगुळीत, लांब उडीच्या प्राण्यालाही तीच नावे. पाठ्यपुस्तकांनी मात्र खरखरीत प्राण्यासाठी ‘भेक’ हा शब्द राखून ठेवला. संस्कृतात भेक म्हणजे बेडूकच, मंडूक आणि दर्दुर यांच्या पंगतीतला. इंग्रजी ‘टोड’ला प्रतिशब्द म्हणून त्याच्यावर वेगळा अर्थ चढला आणि निसर्गानेच बेडूक व भेक असे दोन कप्पे पाडले आहेत, असा समज पक्का झाला. तसे नाही. खऱ्या भेकांचे कुल एक, ब्युफोनिडी, आणि ते बेडकांच्याच मोठ्या वृक्षाची एक फांदी आहे. इंग्रजीत नावापुढे ‘टोड’ लागलेले कितीतरी प्राणी त्या फांदीवर बसतच नाहीत.

जिवंत प्राणी समोर असला की हा गोंधळ निभावून जातो. जीवाश्मात बहुधा ना कातडी उरते, ना चाल. हाती येतात ती सुटी, मोडकी, बारीक हाडे. त्यांत सर्वांत बोलके इलियम, म्हणजे कमरेचे लांब दांड्यासारखे हाड. राना गटातल्या बेडकांत या दांड्यावर पात्यासारखी उंच कड उभी असते. भेकांत ती नसते. खुब्याच्या खोबणीच्या वर फक्त एक बुटका, रुंद उंचवटा दिसतो. जबडा मिळाला तर तो बिनदातांचा असतो, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण बिनदातांचे इतर बेडूकही आहेत. अशा खुणा एकत्र जुळल्या की कुलापर्यंत पोचता येते. वाद त्यापुढे सुरू होतो.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येईल. मुंबईच्या आंतर-ट्रॅप थरांतला, म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळातला, चिमुकला बेडूक १८४७ साली ‘राना’ म्हणून नोंदला गेला. १९३० साली त्याला ‘इंडोबॅट्राकस’ ही स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) मिळाली. फ्रान्समधल्या केर्सीच्या फॉस्फेट खाणींतून अंगाचा आकार शाबूत असलेला, ममीसारखा एक प्राणी निघाला. १८७७ साली बाह्यरूपावरून त्याचे नाव ‘ब्युफो सर्वेटस’ ठरले. आतला सांगाडा कोणाला दिसत नव्हता, म्हणून हा भेक जवळपास दीडशे वर्षे भेकच राहिला. २०२१ साली त्याच्या सीटी स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आतली हाडे ‘थाउमास्टोसॉरस’ या वेगळ्याच बेडकाची ठरली. मला या सगळ्या इतिहासात हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. रूप पाहून ठेवलेले नाव हाडांनी खोडले.

१९६२ साली अमेरिका खंडातल्या जीवाश्म भेकांचा मोठा आढावा निघाला. पुढची अनेक वर्षे इलियमच्या तुकड्यावरून थेट जातीचे नाव देण्याची पद्धत चालू राहिली. २००५ साली उत्तर अमेरिकेतल्या आजच्या भेकांची इलियमे मोठ्या संख्येने तपासली गेली, तेव्हा एकाच जातीच्या प्राण्यांतही उंचवट्याचा आकार आणि उंची बरीच बदलते असे दिसले. २०१० साली आणखी टोकदार आक्षेप आला: अभ्यासक हाडाची तुलना त्याच भागात आज राहणाऱ्या जातींशीच करतात, साहजिकच त्यांतलेच एक नाव देतात, आणि मग म्हणतात की इथले प्राणी हजारो वर्षांत बदललेच नाहीत. निष्कर्ष आधीच गृहीतकात बसलेला! गुजरातेतल्या हाडांनाही हा इशारा तितकाच लागू आहे. दिव्याखालच्या भेकाच्या कवटीवर ठळक कंगोरे असतात, इथेच राहणाऱ्या संगमरवरी भेकाच्या कवटीवर ते नसतात. कवटीचा तुकडा मिळाला तर आपल्याकडच्या या दोघांत निवड करता येईल. नुसते इलियम मिळाले आणि परिसरात हाच भेक आहे एवढ्यावरून नाव दिले, तर ते ओळखणे नव्हे.

त्यातच २००६ सालचा निर्णय आला. तोवर ‘ब्युफो’ ही अडीचशेच्या आसपास जातींची अवाढव्य प्रजाती होती. डीएनएच्या आधारे ती फोडण्यात आली. १७९९ सालापासून जातीनाव टिकवून असलेला आपला दिव्याखालचा भेक ‘डुटाफ्रायनस’मध्ये गेला; हे नाव एका भारतीय उभयचर-अभ्यासकाच्या नावावरून घेतले आहे. संगमरवरी भेकही तिथेच गेला आणि २०२० साली तिथून ‘फिरोझोफ्रायनस’मध्ये हलवला गेला. विरोधकांचे म्हणणे असे की नव्या गटांना उपप्रजाती मानले असते तर नातीही दिसली असती आणि जुनी नावेही टिकली असती. समर्थकांचे म्हणणे असे की परस्परांपासून दूरच्या जाती एकाच नावाखाली कोंबणे हीच मूळ चूक होती. जिवंत प्राण्यांपुरते समर्थकांचे मला पटते. जीवाश्मांचा विचार मात्र या फोडाफोडीत मागे पडला. डीएनएवरून पाडलेल्या सीमा हाडावर दिसतीलच असे नाही. जुन्या संग्रहांतल्या ‘ब्युफो’ अशा चिठ्ठ्या पूर्वी ढोबळ अर्थाने बरोबर होत्या; आज त्याच चिठ्ठीचा अर्थ मुख्यतः युरोप-आशियातल्या एका लहान गटापुरता उरतो. हाड तेच असताना चिठ्ठी नको तितकी नेमकी झाली. म्हणून काही जण जुन्या व्यापक अर्थाचा ‘ब्युफो’ असे स्पष्ट लिहितात, काही जातीगटाचे नाव देतात, तर काही फक्त कुल लिहून थांबतात. हा शेवटचा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

सर्वांत जुने भेक म्हणून ब्राझीलमधल्या इताबोराई इथल्या पॅलिओसीन काळातल्या, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या पहिल्या कालखंडातल्या, हाडांचा उल्लेख होतो. बडोद्याला जवळचे ठिकाण म्हणजे सुरत जिल्ह्यातली वस्तान लिग्नाइट खाण. तिथल्या सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतून मिळालेल्या इलियम आणि मणक्यांवरून २०१३ साली चार प्रकारचे बेडूक ओळखले गेले, त्यांत दोन प्रजाती नव्या. त्यांतली ‘इओबार्बोरुला’ बॉम्बिनॅटोरिडी कुलातली. त्या कुलातल्या रंगीत पोटाच्या प्राण्यांना इंग्रजीत सर्रास ‘टोड’ म्हणतात. मराठीत त्यांचे भाषांतर ‘भेक’ असे केले, तर वस्तानला भेक सापडला अशी ओळ सहज छापली जाईल, आणि ती चुकीची असेल.