बेदाण्याच्या खोक्यातला कॉम्प्युटर आणि मामांचा एनआरव्ही

मागच्या महिन्यात भाच्यानं एक व्हिडिओ पाठवला, "फक्त ५०० रुपयांत घरच्या घरी लॅपटॉप बनवा!" बघितला. त्या माणसाकडं स्क्रीन, बोर्ड, कीबोर्ड सगळं आधीच पडून होतं, ५०० रुपये बहुतेक टेप आणि गोंदाचे. म्हटलं असं असेल तर आमच्या माळ्यावरपण कमी भंगार नाहीये. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत कुठलीही वस्तू टाकून द्यायच्या आधी माणूस ती माळ्यावर चढवतो, त्यामुळं जुना रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढ्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, यापुढं नुसता 'पाय'), एचडीएमआयवाली सात इंची स्क्रीन, अर्ध्या बटणांवरची अक्षरं गेलेला कीबोर्ड आणि एक "मेलेली" लॅपटॉप बॅटरी असं सगळं कोरडं ठणठणीत सापडलं.

कॉम्प्युटरचा भाग अर्ध्या तासात उरकतो, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मेमरी कार्डात सिस्टीम टाकायची, स्क्रीनची वायर लावायची, कीबोर्ड लावायचा. डबा म्हणून आधी स्टीलचा घेतला तर वायफाय गायब, कारण लोखंडी पेटीतून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत. मग बेदाण्याचं रिकामं खोकं घेतलं आणि पुठ्ठ्यात सेल उघडे नकोत म्हणून ते वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत ठेवले. खरी मजा बॅटरीत आहे, त्यामुळं आता तिथंच थांबतो.

लॅपटॉपची बॅटरी मेली म्हणजे आतलं सगळं मेलं हा समज अगदी घट्ट बसलाय. काहीजण तर ती पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात, म्हणजे जिवंत होते म्हणे. काही होत नाही, बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी तेवढं धरतं. आणि कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना एवढंच सांगतो की लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खुपसला तर साधारण ०.९ व्होल्ट मिळतात, लिंबाचा कॉम्प्युटरला झाला तर एवढाच उपयोग, आणि तोही नाहीच कारण करंट अगदी चिमूटभर.

माझ्या बॅटरीत सहा सेल निघाले, १८६५० जातीचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. दोन-दोन सेलच्या तीन जोड्या एकापुढं एक लावलेल्या असतात. एका जोडीतला एक सेल आजारी पडला की शेजारच्यालापण घेऊन बुडतो आणि मग पूर्ण बॅटरीचं सर्किट हात वर करतं. मीटर लावला तर चार सेल ३.६ व्होल्टच्या आसपास आणि एक जोडी ०.९ वर. ती जोडी बाजूला ठेवली. इतका खाली गेलेला सेल चार्ज करायचा नसतो, कारण आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळलेलं असतं आणि परत चार्ज करताना ते नको तिथं साठून आत शॉर्ट होऊ शकतो. उरलेल्या चौघांना सारख्या व्होल्टेजवर आणूनच शेजारी-शेजारी (समांतर) जोडलं.

सेलला वर ४.२ आणि खाली साधारण ३ व्होल्ट अशी हद्द असते. सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलावर पाणी ४० फुटाला गेलं की इशारा आणि ४५ ला धोका असतो तसंच, फक्त इथं वरपण धोका आणि खालीपण. ही पातळी बघत बसणारं सर्किट चार्जरच्या छोट्या मॉड्यूलवरच मिळतं, ते नसलेलं मॉड्यूल घेऊच नका.

आता अडचण अशी की सेल देतो ३.७ आणि पायला लागतात ५ व्होल्ट. दोन सेल एकापुढं एक लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण मग चार्जिंगचं लफडं वाढतं. म्हणून बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज वाढवून देणारं छोटं सर्किट. ३.७ चे ५ होतात म्हणजे फुकटात वाढतात का, असं भाच्यानं विचारलं आणि त्याला समजावता समजावता मला डिग्रजच्या मामांची मोटार आठवली.

मामांची मोटार कृष्णेवर आणि शेत लांब वर. लाइट गेली की पाइपातलं पाणी मागं फिरतं, एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) धाडकन बंद होतो आणि त्या आवाजाला मामा "पाइप फुटली बहुतेक" म्हणत पळतात. वाहतं पाणी अचानक अडवलं की दाब उसळतो, इतका की पाइप फुटते. फ्रान्समध्ये मोंगोल्फिए नावाच्या माणसानं, फुग्यातून माणसं उडवणाऱ्या दोघा भावांतला हा एक, १७९६ मध्ये याच धक्क्याचा पंप केला. उतारावरून येणारं पाणी एका झडपेतून वाहून जाऊ द्यायचं, वेग वाढला की झडप आपोआप आपटून बंद होते, दाब उसळतो आणि थोडं पाणी एनआरव्हीतून उंच टाकीत चढतं, मग दाब पडतो, झडप उघडते, परत तेच. मोटार नाही, लाइट नाही. भरपूर पाणी थोडं खाली सोडून त्यातलं थोडंसं खूप वर चढवायचं, एवढाच सौदा.

बूस्ट कन्व्हर्टर म्हणजे हाच पंप, फक्त विजेचा. लांब पाइपच्या जागी तारेची कॉइल, झडपेच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच, एनआरव्हीच्या जागी डायोड, टाकीच्या जागी कपॅसिटर. स्विच चालू असताना करंट कॉइलमधून सरळ परत सेलकडं जातो, पायला तेवढा वेळ कपॅसिटरच पुरवतो, पण कॉइलमध्ये करंट वाढत जातो. स्विच बंद केला की कॉइल करंट एकदम तुटू देत नाही, वाहत्या पाण्यासारखीच, आणि तो चालू ठेवायला व्होल्टेज उसळवते, आणि करंट डायोडमधून कपॅसिटरमध्ये घुसतो. हे सेकंदाला काही लाख वेळा चालतं. स्विच किती वेळ चालू ठेवायचा याचा हिशोब असा की ३.७ ला (१ वजा चालू वेळेचा हिस्सा) यानं भागलं की ५ आले पाहिजेत, म्हणजे हिस्सा ०.२६, डायोड थोडं खातो म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त. सेल ३.२ ला उतरला की चिप हाच हिस्सा स्वतः वाढवते, ५ हलू देत नाही.

फुकट काही नाही. पाय आणि स्क्रीन मिळून ५ व्होल्टला दीड अँपियर, म्हणजे साडेसात वॅट घेतात. १० टक्के कन्व्हर्टर खातो असं धरलं तर ३.७ व्होल्टच्या बाजूनं सव्वादोन अँपियर ओढला जातो, आणि सेल रिकामा होत आला की अजून जास्त. पॉवरबँकवरच्या १०,००० मिलिअँपियर-अवरचं गौडबंगालपण हेच. तो आकडा सेलच्या ३.७ व्होल्टचा, ५ व्होल्टला तेच ७,४००, आणि कन्व्हर्टरची खादाड वजा केली की आणखी कमी. (पॉवरबँकच लावली असती तर काम एका वायरीत झालं असतं, मान्य आहे. पण तिच्या पोटातपण हाच पंप असतो.)

सगळं जोडलं, चालू केलं, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण चमकली. पायला ४.६३ व्होल्टच्या खाली मिळालं की ती येते. मीटरवर कन्व्हर्टरला बरोबर ५, पायकडं ४.४. दोन तास कन्व्हर्टरला शिव्या घातल्या आणि चोर निघाली मोबाइलची एक मीटरची बारीक वायर. जायची आणि यायची तार मिळून साधारण ०.४ ओहम, त्यातून दीड अँपियर म्हणजे ०.६ व्होल्ट वायरीतच संपले. एक वीत लांबीची जाड वायर लावली, वीज गेली. इथं वीज गेली तर आनंद व्हायचा, हे एक वेगळंच.

आता खोकं एका चार्जमध्ये सुमारे अडीच तास चालतं. परवा मामा आले होते, त्यांनी झाकण उघडून बघितलं.

"ह्यात एनआरव्ही कुठाय रे?"

मी डायोड दाखवला. त्यांनी बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"तापलाय की! आमचा तरी गार असतोय."

खरं होतं. दीड अँपियर जाताना तिथं ०.४ व्होल्ट पडतात, म्हणजे अर्ध्या वॅटच्या वर उष्णता त्या तांदळाएवढ्या तुकड्यात. आता डायोडच्या जागी दुसरा स्विचच असलेलं मॉड्यूल मागवलंय.