हुलकावणी आणि खोटं: अमेरिकेच्या शालेय फुटबॉलमधला जुना वाद

नोव्हेंबर 2010. टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी शहरातल्या ड्रिस्कॉल मिडल स्कूलचा सामना. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा. ड्रिस्कॉलचे प्रशिक्षक ओरडून सांगतात की दंडापोटी चेंडू पाच यार्ड पुढे सरकायचा राहिला आहे. सेंटर, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू करणारा खेळाडू, तो पायांमधून मागे न देता खांद्यावरून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या, हातात देतो. तो मुलगा चेंडू घेऊन समोरच्या खेळाडूंमधून शांतपणे चालत जातो आणि मोकळं मैदान दिसताच धूम ठोकतो. टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्टीत नेऊन गुण! व्हिडिओ जगभर पाहिला गेला आणि बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या.

मला ती टाळी वाजवता येत नाही. या खेळात डाव सुरू होताना पंच शिट्टी वाजवत नाही. सेंटरच्या हातून चेंडू हलला की डाव सुरू. तोवर समोरच्याला अंगावर जाता येत नाही, गेला तर त्यालाच दंड. म्हणजे बचाव करणाऱ्या मुलांनी नियम पाळला, मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि त्याच विश्वासावर गुण कमावला गेला.

फसवाफसवी या खेळात पहिल्यापासून आहे. 1903 मध्ये मूळनिवासी मुलांच्या कार्लाइल शाळेच्या संघाने हार्वर्डविरुद्ध चेंडू चक्क एका खेळाडूच्या जर्सीत पाठीवर लपवला आणि टचडाउन केला. प्रशिक्षक होते पॉप वॉर्नर. सामना हार्वर्डने 12-11 असा जिंकला, पण लक्षात राहिला तो लपवलेला चेंडू. पुढे ही युक्ती नियमबाह्य ठरली. बदली होऊन बाहेर चालल्याचं सोंग करत सीमारेषेपाशी रेंगाळायचं आणि तिथेच पास झेलायचा, ही आणखी एक जुनी चाल. तिच्यावरही बंदी आली.

बहुतेक राज्यांतल्या शालेय सामन्यांचे नियम नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स ही संस्था ठरवते. टेक्सास मात्र विद्यापीठीय नियमांवर खेळतं. फेडरेशनची भूमिका मला पटते: विचित्र रचना, हुलकावण्या, कल्पक चाली खुशाल करा. पण काहीतरी अडचण आहे, चेंडू आत्ता खेळात येणार नाही, असा समज बोलून किंवा हावभावाने करून देणं खिलाडूवृत्तीबाहेरचं आणि बेकायदा. कबड्डीत चढाई करणारा हूल देतो तेव्हा चढाई चालू आहे हे सातही जणांना माहीत असतं. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या पीडमॉन्ट हायस्कूलची 'ए-11' पद्धत मी या रांगेत बसवणार नाही. कर्ट ब्रायन आणि स्टीव्ह हम्फ्रीज या प्रशिक्षकांनी 2007 मध्ये ती मैदानात आणली. एरवी पाच खेळाडूंना जर्सीवर 50 ते 79 मधले क्रमांक घालावे लागतात आणि त्यांना पास झेलता येत नाही. चेंडू लाथेने मारण्यासाठी, म्हणजे किकसाठी, उभं राहायच्या रचनेला यातून सूट होती. तिचा आधार घेऊन त्यांनी अकराही जणांना पास झेलता येईल असे क्रमांक दिले. कोण धावेल, कोण झेलेल, हे डाव सुरू होईपर्यंत कळेना. फेब्रुवारी 2009 मध्ये फेडरेशनने ही पळवाट बुजवली. खेळाच्या समतोलासाठी ते समजू शकतं, पण पीडमॉन्टच्या मुलांनी प्रतिस्पर्ध्याला खोटं काहीच सांगितलं नव्हतं.