मुलांची रोगप्रतिकारशक्ती आणि घरातील रोजच्या सवयी
(नागपूर येथील आमच्या औषधी दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या काही दिवस मागून, जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत आमच्या काउंटरवर एकच मागणी वारंवार ऐकू येऊ लागते : "मुलाला सारखी सर्दी होते, इम्युनिटी वाढवणारे एखादे सिरप द्या." अशी सिरपे आमच्या कपाटात आहेत आणि मागितल्यास आम्ही ती देतोही, मात्र ती देताना पालकांना जे सांगावेसे वाटते ते संध्याकाळच्या गर्दीत सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे.

लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे सर्वसाधारण मानले जाते आणि बालवाडीच्या पहिल्या वर्षी हा आकडा आणखी वाढू शकतो. सर्दी घडवणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे असतात. मुलाचे शरीर त्यांना एकेक करून ओळखायला शिकते आणि ज्यांची ओळख पटली त्यांची आठवण पांढऱ्या पेशींमध्ये राहते. त्यामुळे दर महिन्याला नाक वाहणारे, पण मधल्या दिवसांत नीट जेवणारे, खेळणारे आणि वजन वाढणारे मूल बहुधा अशक्त नसते. शक्ती 'वाढवणे' हा शब्दही जपून वापरावा असे आम्हाला वाटते, कारण ॲलर्जी आणि दमा हे याच रोगप्रतिकार यंत्रणेने गरज नसताना दाखवलेल्या अतिउत्साहाचे परिणाम असतात.

लसीकरण हा या यंत्रणेला शिकवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. लशीमुळे आजार न होताच जंतूची ओळख पटते आणि खरा जंतू आला की शरीराचा प्रतिसाद लवकर सुरू होतो. जन्मावेळच्या, ६, १० व १४ आठवड्यांच्या आणि ९ महिन्यांच्या लशी पालक सहसा चुकवत नाहीत. राहून जातात त्या पुढच्या : १६ ते २४ महिन्यांमधील गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा व डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लशीचा) बूस्टर, ५ ते ६ वर्षांचा डीपीटीचा दुसरा बूस्टर, आणि १० व १६ व्या वर्षीची टीडी (धनुर्वात व घटसर्पावरील लस). या लशी महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. तेथेच ९ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ठरावीक अंतराने 'अ' जीवनसत्त्वाचा डोसही दिला जातो. तोही तोंडावाटे दिला जात असल्याने पुष्कळ जण त्याला पोलिओचाच डोस समजतात. दोन्ही वेगळे आहेत.

आहाराबद्दल बोलायचे तर पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नको, आणि एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नये, कारण त्यातून क्वचित प्रसंगी गंभीर विषबाधा होऊ शकते. मोठ्या मुलांसाठी महागड्या पावडरीपेक्षा घरचे ताट अधिक कामाचे आहे. प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारे रक्तातील घटक, प्रथिनांचीच बनलेली असतात, आणि वरण, उसळ, अंडी, दही, फल्लीदाणे यांतून ती प्रथिने मिळतात. वरण मात्र पाण्यासारखे पातळ नसावे, पोळीबरोबर खाता येईल इतके घट्ट असावे. डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात नीट शोषले जाण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते, म्हणून वाढल्यानंतर वरून लिंबू पिळावे. शिजतानाच पिळल्यास त्यातील बरेचसे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. जेवणाला लागूनच चहा दिल्यास उलटा परिणाम होतो आणि लोहाचे शोषण घटते. आपल्या भागात आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्या काळात डब्यात एक सोललेले संत्रे देण्यास काहीच अडचण नसावी. रस काढण्यापेक्षा फोडी द्याव्यात, म्हणजे चोथाही पोटात जातो. संत्र्याच्या या शहरात हे लिहिणे थोडे धाडसाचे आहे, परंतु 'क' जीवनसत्त्व जांब (पेरू) आणि आवळ्यात संत्र्याहून कितीतरी अधिक असते आणि ही दोन्ही फळे स्वस्तही आहेत.

झोपेविषयी विचारणारे पालक फार थोडे भेटतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. शाळेची व्हॅन सकाळी साडेसहाला येत असेल आणि घरातील टीव्ही रात्री अकराला बंद होत असेल, तर ही भरपाई कोणत्याही बाटलीतून होणार नाही. रोज तासभर धावण्याचा खेळ हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा तो सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर व्हावा.

हात साबणाने किमान वीस सेकंद धुणे, विशेषतः शौचानंतर आणि जेवणापूर्वी, एवढे सर्वांना ठाऊक असते. आमच्याकडे अधिक दुर्लक्षित राहतो तो कूलर. उन्हाळा संपल्यावर टाकीत राहिलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून कूलर वापरात असेपर्यंत टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी आणि हंगाम संपताच कोरडी करून ठेवावी. घरात कोणी सिगारेट किंवा विडी ओढत असल्यास मुलाच्या खोकल्याचे कारण प्रथम तेथे शोधावे.

आता औषधांविषयी. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, सर्दीच्या विषाणूंवर नाही, म्हणून "मागच्या वेळचेच द्या" असे सांगितल्यास आम्ही चिठ्ठीशिवाय ते देणार नाही. कृपया राग मानू नये. सर्दीच्या सिरपांत सर्रास आढळणारे क्लोरफेनिरामाइन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले आहे. जुलाब सुरू झाल्यास ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे १४ दिवस झिंक द्यावे. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक थांबवू नये.

तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असल्यास दुकानात न येता थेट रुग्णालयात जावे. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजावा : दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक आढळल्यास, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असल्यास, तेच करावे. वर्षातून दोनदा न्यूमोनिया झाला किंवा वजन वाढणेच थांबले, तर मात्र रोगप्रतिकारशक्तीची तपासणी करण्याविषयी बालरोगतज्ज्ञांना आवर्जून विचारावे.

द्रव औषध घरातील चमच्याने मोजू नये, कारण प्रत्येक घरचा चमचा वेगळा असतो. बाटलीबरोबरची मापाची टोपी हरवली असल्यास काउंटरवर मागावी. ती आम्ही विनामूल्य देतो.