फाइल फुगली, चित्र मात्र तेच: डीव्हीडी करताना होणारा घोटाळा

दोन तासांचा एक व्हिडिओ होता, ७०० एमबीचा. डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरला लावला, रात्रभर कॉम्प्युटर घरघरत राहिला. सकाळी फोल्डर उघडला तर सगळं मिळून चार जीबीच्या वर! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी खूश झालो होतो; एवढी जागा खाल्ली म्हणजे चित्र नक्कीच सुधारलं असणार. टीव्हीवर लावलं, तर अंधारातल्या प्रसंगांत चित्र फुटून दिसणारे चौकोन पूर्वीसारखेच, उलट जरा जास्तच ठळक.

घोटाळा इथेच होतो. फाइलचा आकार आणि चित्राचा दर्जा हे एकाच मापाने मोजायचे नसतात.

आकाराचं गणित अगदी सरळ आहे: बिटरेट गुणिले वेळ. दर सेकंदाला किती मेगाबिट खर्च करायचे, गुणिले किती सेकंद, भागिले ८. आठने भागायचं कारण आठ बिटांचा एक बाइट, आणि नेमका हाच भागाकार विसरल्याने अर्ध्या लोकांचे हिशेब चुकतात. आपल्या ७०० एमबीच्या फाइलला सेकंदाला जेमतेम ०.८ मेगाबिट मिळत होते. एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात (कॉम्प्युटर ते ४.३७ दाखवतो, कारण डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि तो १०२४ ने, डिस्क खराब नाही). दोन तासांत ती भरायची तर सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट वाट्याला येतात. 'डिस्कवर मावेल असं करा' हा पर्याय निवडलेला असला की बरीच सॉफ्टवेअरं उपलब्ध जागा भरून टाकतात. मूळ फाइल ७०० एमबीची होती की ७ जीबीची, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

मग बिट सहापट वाढूनही चित्र का सुधारत नाही? एक तर मूळ फाइल बनवताना जो तपशील फेकून दिला तो गेला, तो कुठलंही कन्व्हर्टर परत आणू शकत नाही. आणि दुसरं कारण डीव्हीडीच्या भाषेत आहे. डीव्हीडी-व्हिडिओला लागतं एमपीईजी-२, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवायचं १९९० च्या दशकातलं तंत्र. हल्लीच्या फाइली बहुधा एच.२६४ मध्ये असतात, जे २००३ मध्ये आलं आणि तेच चित्र साधारण निम्म्या बिटांत सांगतं. म्हणजे नेमक्या दोन वाक्यांत सांगितलेली गोष्ट पाल्हाळ लावून पुन्हा सांगितल्यासारखं आहे हे. पानं वाढली, मजकूर तोच. शिवाय पुन्हा एन्कोड करताना, म्हणजे व्हिडिओ नव्या भाषेत आवळून लिहिताना, थोडं नुकसान होतंच, आणि नवा एन्कोडर जुने चौकोनसुद्धा चित्राचाच भाग समजून जपून ठेवतो.

आता उलटं उदाहरण घ्या. फोनवर काढलेलं दहा मिनिटांचं फुल एचडी चित्रण, सेकंदाला १६ मेगाबिट धरले तर १.२ जीबी. डीव्हीडीसाठी ८ मेगाबिटने केलं की ६०० एमबी. इथे फाइल घटली आणि दर्जाही घटला, पण दर्जा फाइल घटल्यामुळे घटला नाही. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल. पाल पद्धतीची (आपल्याकडच्या टीव्हीची) डीव्हीडी ७२० × ५७६ वर थांबते. गुणाकार करून बघा, बरोब्बर एक पंचमांश. बिटरेट कितीही चढवा, उरलेले चार हिस्से डिस्कवर जाणारच नाहीत.

दर्जा आपल्या हातात कुठे असतो, तर एका डिस्कवर किती वेळ कोंबायचा यात. तासाभराच्या व्हिडिओला हिशेबाने १० मेगाबिट मिळतात, पण डीव्हीडीत चित्राची मर्यादा ९.८ आहे आणि बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर त्याच्या आसपास अडखळतात. मी आठवर थांबतो. दोन तासांना पाच ठीक. तीन तासांना साडेतीन, म्हणजे नाच किंवा खेळाचं चित्रण असेल तर पळत्या माणसांभोवती भुरभुर दिसणार. नुसतं भाषण असेल तर चालून जातं. त्यापुढे ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क घ्यावी किंवा सरळ दोन डिस्क कराव्यात.

आवाजाकडे सहसा कोणी बघत नाही. तो पीसीएममध्ये, म्हणजे न आवळता, राहिला तर एकटाच दीड मेगाबिट गिळतो. डॉल्बी डिजिटल या आवळलेल्या प्रकारात १९२ किलोबिटवर भागतं, आणि वाचलेले बिट चित्राला मिळतात. एन्कोडरमध्ये 'टू-पास' असेल तर तेही लावा. वेळ दुप्पट जातो, पण एन्कोडर आधी सगळा व्हिडिओ पाहून घेतो आणि शांत प्रसंगांतले बिट वाचवून धावपळीच्या प्रसंगांना देतो. आकार तेवढाच, चित्र बरं. आकार आणि दर्जा वेगळे आहेत, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आणि प्लेअर एमपी४ वाचत असेल तर हा खटाटोपच नको. फाइल डेटा डिस्क म्हणून जशीच्या तशी लिहा: ना फुगणार, ना बिघडणार, आणि ७०० एमबीच्या सहा फाइली एका डिस्कवर बसतील. फक्त जुना प्लेअर अशी डिस्क बाहेर ढकलू शकतो, त्याला डीव्हीडी-व्हिडिओचा 'व्हिडिओ टीएस' फोल्डरच हवा असतो. म्हणून सहाच्या सहा लिहिण्याआधी एकच फाइल पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर टाकून लावून बघा.