पाचपैकी तीन : पेल्व्हिक फ्लोअरच्या तपासणीमागची पार्श्वभूमी

सत्तरीच्या बाईच्या केसपेपरवर ‘पेल्व्हिक फ्लोअर ३/५’ अशी नोंद असते. पेल्व्हिक फ्लोअर म्हणजे श्रोणितळ, कटीच्या तळाशी मूत्राशय आणि गर्भाशयाला खालून आधार देणारे स्नायू. पाहणाऱ्याला वाटते, हा आकडा कुठल्यातरी यंत्राने दिला असेल. प्रत्यक्षात तो बोटाने दिलेला असतो. योनीत एक किंवा दोन बोटे घालून ‘आवळा आणि वर ओढा’ असे सांगायचे, बोटाला काय जाणवते ते तोलायचे आणि ० ते ५ मधला एक आकडा लिहायचा. लघवीवर ताबा न राहणाऱ्या वयस्क स्त्रियांच्या उपचाराची दिशा अनेकदा या एका आकड्यावर ठरते. म्हणूनच तो कुठून आला हे पाहायला हवे.

श्रोणीच्या तळाचे स्नायू आवळण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. हठयोगातला मूलबंध त्याच भागाचा आहे. पण तिथे साधना होती, मोजमाप नव्हते. मोजण्याची सुरुवात १९४८ साली एका अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने केली. हे स्नायू आवळण्याचे व्यायाम आजही त्याच्याच नावाने, ‘केगेल व्यायाम’ म्हणून, ओळखले जातात. त्याने हवा भरलेली एक रबरी नळी दाबमापकाला जोडली. बाईने ती योनीत ठेवून आवळायचे आणि काटा किती सरकतो ते स्वतः पाहायचे. उपकरण उपयोगी होते, पण त्यात एक खोट होती. बाईने स्नायू न आवळता नुसते पोट दाबले, कुंथले, तरी काटा पुढेच जातो. म्हणजे नेमकी चुकीची क्रिया करणारीलाही चांगला आकडा मिळू शकतो. त्यामुळे यंत्र आले तरी बोट सुटले नाही.

ही भीती पोकळ नव्हती. १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावून सांगितला आणि मग तपासले. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. चौथा हिस्सा स्त्रिया असा जोर लावत होत्या की त्याने लघवी सुटण्याचा त्रास उलट वाढावा. पत्रक हातात देऊन ‘घरी करा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे लक्षात ठेवावेत असे मला वाटते.

आता ‘३’ या आकड्याकडे. ० ते ५ ही मोजपट्टी मुळात पेल्व्हिक फ्लोअरची नाहीच. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या हातापायांच्या नसा किती सावरल्या हे पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये जी श्रेणी रूढ झाली, तिचा हा अवतार आहे. तिथे ३ ला नेमका अर्थ होता : गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात किंवा पाय उचलता येतो. २ म्हणजे उचलता येत नाही, पण आडवा सरकवता येतो. पलंगावर पाठीवर झोपलेल्या बाईच्या श्रोणितळाला हा निकष लावणार कसा? ब्रिटिश फिजिओथेरपिस्टांनी ही पट्टी बेतून घेतली. १ म्हणजे नुसते फडफडणे, २ म्हणजे क्षीण पकड, ३ पासून पकडीसोबत वर ओढल्याचे जाणवते, ४ (‘चांगला’) आणि ५ (‘जोरदार’) मध्ये बोटाच्या विरोधाला तोंड देण्याइतका जोर. ऐकायला नेटके वाटते. पण ‘चांगला’ आणि ‘जोरदार’ यांतली रेघ तपासणाऱ्याच्या बोटातच असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दोन तपासनिसांनी त्याच स्त्रिया वेगवेगळ्या तपासल्या. निम्म्याहून कमी वेळा त्यांचे आकडे जुळले. त्याच वर्षी एक विस्तारित पद्धतही पुढे आली. तिच्यात जोराबरोबर आकुंचन किती सेकंद टिकते, किती वेळा जमते आणि झटपट किती वेळा आवळता येते, हेही १० पर्यंत मोजायचे असते. बाईला तिच्या कुवतीचा व्यायाम नेमून देण्यासाठी ही पद्धत आजही सर्वांत कामाची आहे.

या गोंधळावर २००५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका समितीने निर्णय दिला आणि वाद तिथेच पेटला. सहा आकड्यांऐवजी चारच शब्द वापरावेत असे ठरले : आकुंचन नाही, दुबळे, सामान्य, जोरदार. स्नायू सैल सोडता येतो का, हे वेगळे नोंदवायचे. बोटाला जेवढा फरक कळतो तेवढाच लिहावा, हा त्यामागचा विचार होता आणि तो प्रामाणिक होता. विरोधकांचे म्हणणेही खरे होते. तीन महिने घाम गाळून २ वरून ३ वर आलेली बाई चार शब्दांच्या पट्टीवर कदाचित ‘दुबळे’मध्येच राहील. मग तिला प्रगती दाखवायची कशी? अनेकांनी जुनी पट्टी सोडली नाही, काहींनी तिच्यात अधिक-उणे चिन्हे घालून ती आणखी बारीक केली. मी चार शब्दांच्या बाजूने आहे, पण त्यातला ‘सामान्य’ हा शब्द मला पटत नाही. सामान्य कोणाच्या मानाने? चार बाळंतपणे झालेल्या, पाळी जाऊन वीस वर्षे लोटलेल्या बाईसाठी सामान्य म्हणजे काय, हे त्या शब्दातून कळत नाही. योनीमार्ग कोरडा आणि अरुंद झाल्यामुळे दोन बोटे घालणे जिला दुखते, ती आवळताना कचरते. तिच्या नावापुढे ‘दुबळे’ लागते, ते स्नायूमुळे की दुखण्यामुळे?

शब्दांचा गुंता एवढ्यावर थांबत नाही. मराठीत आपण सर्रास ‘मूत्र असंयम’ लिहितो. असंयम म्हटले की मनाचा ढिलेपणा डोळ्यापुढे येतो, जणू बाईनेच स्वतःला आवरले नाही. ‘शिंकले की लघवी सुटते’ हे तिचे स्वतःचे वर्णन कितीतरी अचूक आहे. पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत गळती तपासणीत दिसावी आणि तिचा सामाजिक किंवा स्वच्छतेचा त्रास व्हावा अशी अट होती. २००२ साली ती काढली आणि नकळत लघवी गळते ही तक्रार पुरेशी ठरली. निमूटपणे कपडे बदलत राहणाऱ्या आज्यांसाठी हा बदल मोठा होता.

दरम्यान, जोर म्हणजेच कार्य हे समीकरण सैल होत गेले. १९९८ च्या एका अभ्यासात सरासरी ६८ वर्षांच्या २७ स्त्रियांना एवढेच शिकवले : खोकण्याच्या क्षणभर आधी आवळा. आठवड्याभरात मध्यम खोकल्यातली गळती ९८ टक्क्यांनी आणि जोराच्या खोकल्यातली ७३ टक्क्यांनी कमी झाली. आठवड्यात स्नायू बळकट होत नाही, वेळ साधता येते. २००७ साली मूल न झालेल्या २१ ते ७० वयाच्या स्त्रियांच्या अभ्यासात वयाबरोबर मूत्रमार्ग बंद ठेवणारा दाब घटलेला दिसला. श्रोणितळाच्या स्नायूंवर मात्र वयाचा तसा स्पष्ट परिणाम आढळला नाही. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणत सगळे खापर या स्नायूंवर फोडण्याला त्यामुळे आधार उरत नाही. शिवाय बोटाची तपासणी बहुधा आडवे झोपवून होते आणि लघवी सुटते ती उभ्याने, कळशी उचलताना, जिना चढताना.

पुढे सोनोग्राफी आली. आवळल्यावर मूत्राशयाचा गळा वर जातो की खाली, हे पडद्यावर बाईला स्वतःलाच दिसू लागले. जोर थेट मोजणारी उपकरणे आली, पण ती संशोधनापुरतीच राहिली. २०२१ साली तपासणीच्या संज्ञा पुन्हा नव्याने मांडल्या गेल्या. त्यात जोराबरोबर स्नायूचा ताण आणि दुखरेपणा यांनाही जागा मिळाली.

२०२० साली कॅनडातल्या एका चाचणीत साठीपुढच्या ३६२ स्त्रियांमध्ये गटाने आणि एकेकटीने व्यायाम करण्याची तुलना झाली. १२ आठवड्यांचे शिक्षण आणि वर्षभरानंतर मोजणी. गटातल्या स्त्रियांची गळती ७४ टक्क्यांनी घटली, एकेकटीने शिकलेल्यांची ७० टक्क्यांनी. गटाचा व्यायाम स्वस्त पडतो, त्यामुळे आपल्याकडे हा निष्कर्ष उत्साहाने सांगितला जाईल. तो सांगताना एक तपशील गाळू नये. गटात बसण्याआधी त्या प्रत्येक स्त्रीला नीट आवळायला एकटीला, स्वतंत्र बैठकीत शिकवले होते.