स्त्रियांची आत्मकथने (मराठी)

स्वतः जगलेले, सोसलेले स्त्रीने स्वतःच सांगावे, असा गद्यप्रकार. रूढ नाव आत्मचरित्र. दलित साहित्यामुळे ‘आत्मकथन’, ‘स्वकथन’ हे शब्द रुळले. स्त्रीवादी समीक्षेने या पुस्तकांवर बरीच भिस्त ठेवली असली, तरी जुन्या लेखिकांपैकी कोणी स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेतलेले नाही.

सुरुवात नवऱ्याच्या आठवणींच्या आडोशाने झाली. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकाच्या केंद्रस्थानी पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडेच आहेत. पण सून शिकते म्हणून घरातल्या बायकांनी केलेला जाचही त्यात आला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (४ भाग, १९३४–३७) हा आडोसा गळून पडतो. वडिलांचे सोवळ्याचे वेड, पतीने १८९५ मध्ये स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म, त्यानंतरची ताटातूट हे सारे त्या हसत हसत सांगतात आणि कीव करायला जागाच ठेवत नाहीत. पुढे सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ने (१९९०) पु. ल. देशपांडे या लाडक्या लेखकाचा संसार बायकोच्या नजरेने दाखवला, तेव्हा बरेच वाचक दुखावले.

‘मी’ किती सांगायचा, हा प्रश्न दलित लेखिकांकडे वेगळे वळण घेतो. बेबी कांबळे फलटणला दुकान चालवत. पुड्या बांधायला आणलेली रद्दी आधी वाचायची, मग फाडायची. लिहिलेले कागद त्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. त्यातून आलेल्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) महारवाडा आहे, भूक आहे, सासुरवाशिणींचे हाल आहेत, आंबेडकरी चळवळ आहे; स्वतःचा संसार जवळपास नाही. नवऱ्याचा मार त्यांनी पुढे इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत सांगितला. पुस्तक समाजाचे, म्हणून स्वतःचे दुःख बाजूला ठेवले, असे त्यांचे म्हणणे. ही गाळलेली जागा लिहिलेल्या मजकुराइतकीच बोलकी आहे.

उर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये (२००३) हेच घरातले उघडे केले. आयदान म्हणजे कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तू: सुपे, टोपल्या, रोवळ्या. त्यांची आई आयदाने विणून मुलांना पोसत असे, आणि त्या विणीशी पवार आपल्या लिहिण्याचे नाते जोडतात. बायकोचे शिकणे, लिहिणे, सभांना जाणे चळवळीतल्या घरातही कसे खुपते, हे त्यांनी आपल्याच नवऱ्याचे उदाहरण देऊन लिहिले.